सत्तावन्न किलोचा पैलवान

परदेशातले दोन बॉक्सर एकमेकांशी लढणार की नाही हे ठरत नव्हतं, म्हणून आठ दिवस आमच्या गावातल्या एकाही माणसाचं कामात लक्ष नव्हतं. शेवटची वेचणी शेतात तशीच राहिली होती, कापसाची बोंडं उन्हात उकलून खाली गळत होती, आणि आमची मंडळी एसटी स्टँडवरच्या हॉटेलात बसून तावातावानं भांडत होती. कशावरून, तर गावातल्या कुणीही जन्मात न पाहिलेल्या खेळावरून.

बोरीहून आत कच्च्या रस्त्यानं आमचं गाव. सकाळी अकराच्या सुमाराला परभणीची एसटी यायची आणि कंडक्टर पेपरचा एकच अंक हॉटेलवाल्याच्या अंगावर फेकायचा. त्याची पानं सुटी करून पन्नास माणसं वाचायची. एके दिवशी आतल्या पानावर दोन उघड्या अंगाच्या माणसांचे फोटो आले. एक दांडगा, जड वजनाच्या गटातला जगज्जेता. दुसरा काटक, त्याच्या खांद्याला लागेल एवढा, हलक्या गटातला जगज्जेता. हलक्यानं जडाला आव्हान दिलं होतं, आणि ही लढत लावावी की नाही यावर तिकडच्या मोठ्या लोकांत वाद चालला होता. बातमी एवढीच. आमच्या गावाला ती आठ दिवस पुरली.

शाळेतल्या पीटीच्या मास्तरांनी वजनगट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. जड माणसाचा एक ठोसा बसला तर हलक्याचा जबडा निखळेल, म्हणून काट्यावर उभं करून, सारख्याला सारखा बघूनच जोड लावतात, असं ते म्हणाले. त्यांना कुणी धड बोलूही दिलं नाही.

"मास्तर, तुमचा नियम शाळंत ठेवा," हॉटेलवाला म्हणाला. "वजनानं काय होतंय? काळीज बघावं लागतंय माणसाचं."

माझा चुलता हॉटेलात आला की बाकावरची दोन माणसं आपोआप उठायची. तो जत्रा कमिटीचा अध्यक्ष होता. त्यानं फोटोवर बोट ठेवलं आणि निकाल देऊन टाकला. "त्यो बारका सोता लढतो म्हणायलाय ना? मंग ह्यायच्या बापाचं काय जायलंय? जाड्या भ्यायलाय, दुसरं काय न्हाई. वजनाचं निमित्त करायलाय."

सगळ्या हॉटेलनं माना हलवल्या. बारक्याला संधी मिळाली पाहिजे, यावर गावाचं एवढं एकमत मी ना त्याआधी पाहिलं, ना त्यानंतर. एक म्हातारा तर म्हणाला की बारक्याला लढू न देणं म्हणजे बेइन्साफी आहे. बेइन्साफी! हा शब्द त्या हॉटेलात, त्या बाकावर, त्या माणसाच्या तोंडून निघाला, हे आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि चौऱ्याऐंशी किलोचा. परभणीच्या जिल्हा स्पर्धेत मी सर्वांत जड गटात पहिला आलो होतो. घरी दोन म्हशी माझ्यासाठी राखून ठेवल्या होत्या. आमच्या घराची जमीन गावात सगळ्यांत जास्त होती आणि माझं वजनही गावात सगळ्यांत जास्त होतं. दोन्हींचा गावाला सारखाच अभिमान.

त्याच स्पर्धेत सत्तावन्न किलोच्या गटातही आमच्याच गावचा पोरगा पहिला आला होता. हे गाव फार मोठ्यानं सांगत नसे. तो मातंग वस्तीतला. हॉटेलात वाद चालायचा तेव्हा तोही असायचा, पण बाहेर, लिंबाच्या झाडाखाली. त्याचा कप हॉटेलच्या पत्र्याखाली वळचणीला खोचलेला असे. तो त्यानंच काढायचा, वरून ओतलेला चहा त्यात घ्यायचा, विसळायचा आणि परत खोचून ठेवायचा. ही गोष्ट एकोणीसशे ऐंशीनंतरची आहे, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं मी निजामाच्या काळातलं बोलतोय.

बाहेर उभा राहून तो सगळं ऐकत होता. चुलत्याचं बोलणं ऐकून तो हसला. खुशीनं हसला. त्याला ते खरं वाटलं होतं.

आता जे लिहितो ते माझ्याशिवाय एकालाच माहीत होतं.

आमची तालीम मारुतीच्या देवळाला लागून. तिथल्या लाल मातीत त्याला पाय ठेवायची सोय नव्हती. म्हणून तो नदीच्या पात्रात वाळूवर मेहनत करायचा. एका पहाटे मी पळत तिकडं गेलो, तो दिसला, आणि जोर मारता मारता आम्ही एकमेकांना भिडलो. मग ते रोजचंच झालं. तालमीत माझ्यासमोर टिकणारा गडी राहिला नव्हता, आणि त्याला तर कुणीच नव्हता. पहिल्या दिवशी मला वाटलं, याला उचलून फेकायला कितीसा वेळ लागणार. मी हात टाकला आणि तो तिथं नव्हताच. खाली बसून त्यानं एकेरी पट काढला, माझा एक पाय त्याच्या छातीशी, आणि पुढच्या क्षणी माझ्या पाठीला वाळू लागली. मी उठून पुन्हा भिडलो. पुन्हा तेच. दोन वर्षांत आम्ही शेकडो कुस्त्या धरल्या असतील. दहातल्या दोन मी मारायचो, त्याही अंगावर पडून, निव्वळ वजनावर. बाकीच्या आठ त्याच्या.

वाळूवर तो मला अरेतुरे करायचा. "अरं, पाय कशाला लांब टाकतूस? दिलासच की मला आयता," असं म्हणून मला शिकवायचा. माझी निम्मी कुस्ती त्यानं घडवलेली आहे. गावाच्या शिवेत शिरलो की तो चार पावलं मागं राहायचा आणि मी त्याचा 'तुमी' व्हायचो. मला ते कधी खटकलं नाही. खटकलं असतं तर मी माणूस बरा निघालो असतो.

महाशिवरात्रीच्या जत्रेला पंधरा दिवस राहिले होते. आमच्या जत्रेत शेवटची कुस्ती चांदीच्या कड्याची असते. वालूरपासून राणीसावरगावपर्यंतचे पैलवान येतात. बॉक्सरचा वाद जोरात असतानाच एक दिवस तो झाडाखालून पुढं आला आणि हॉटेलच्या पायरीशी उभा राहिला. चुलत्याला म्हणाला, "मालक, शेवटच्या कुस्तीला माझं नाव घ्या. पाटलांसंगं." पाटील म्हणजे मी.

बाकावरच्यांनी हातातली पेपरची पानं खाली ठेवली.

त्यानं पुढं जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही. "औंदा जत्रंला पुण्याकडच्या तालमीचे वस्ताद यायलेत. शेवटची कुस्ती तेवढी ते बघतेत. त्यायनी बघितलं तर मला घेऊन जातील. आदीच्या कुस्त्या कोण बघतंय, मालक?"

हेच सगळं त्याच्यासाठी पणाला लागलेलं होतं. त्याला कड्याचा मोह नव्हता. गावातून बाहेर पडायचं होतं. तालमीची माती, खुराक, वस्ताद, आणि जिथं आपला कप आपण खोचून ठेवावा लागत नाही असं एखादं ठिकाण. नाहीतर दुसऱ्यांच्या शेतात सालानं राहायचं, हे ठरलेलंच होतं. त्याचं वय एकवीस. पुढच्या वर्षी वस्ताद येतीलच असं नव्हतं.

चुलता हसून म्हणाला, "बघू. कमिटीत बोलतो."

दुपारी घरी जेवताना त्यानं ताट बाजूला सारलं आणि तोंड सोडलं. तेव्हा नामांतराचं वारं होतं. वस्तीच्या भिंतीवर पोरांनी चुन्यानं घोषणा लिहिल्या होत्या, आणि रात्रीतून कुणीतरी त्यावर शेण फासलं होतं. कुणीतरी म्हणजे कोण, हे आमच्या गोठ्यातल्या गड्याला माहीत होतं आणि मलाही. चुलता म्हणाला, "इद्यापीठाचं नाव मागून झालं, आता कुस्ती मागायलेत. ह्यो उद्या आपल्या पोराच्या मानंवर हात घालणार, सगळ्या जिल्ह्यासमोर. अन् चुकून खाली घातलं तर? आपुन तोंड कुठं दाखवायचं?"

चुकून! मी भाकरी चावत होतो. मनात म्हणालो, चुकून नाही काका, दहातल्या आठ वेळा. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून हॉटेलात चमत्कार झाला. तीच माणसं, तोच बाक, तोच पेपर, आणि सगळ्यांनी जीभ उलटी फिरवली. हॉटेलवाला म्हणाला, "न्हाई पण, मास्तरचं बी बरोबर हाय. वजनाला कायदा असतोय." बेइन्साफीवाला म्हातारा म्हणाला, "बारक्याची मान-बिन मोडली तर पोलिसाचं लचांड मागं लागल. त्याच्याच भल्याचं बोलायलाव आमी." त्याच्या भल्याचं! आठ दिवस परदेशातल्या बारक्यासाठी ज्यांचा जीव तुटत होता, त्यांना आपल्या गावचा बारका दिसल्याबरोबर मानेची काळजी लागली. त्या बॉक्सरचे आईबाप कोण, तो कुठल्या गल्लीतला, हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून तो सगळ्यांचा लाडका होता. ह्याची गल्ली सगळ्यांना ठाऊक होती.

आणि दोनच वर्षांपूर्वीच्या जत्रेत ह्याच कमिटीनं एका पासष्ट किलोच्या पोराची कुस्ती नव्वद किलोच्या गड्याशी लावली होती. पोरगा आमच्या भावकीतला, हरला, आणि हरल्यावर त्याला फेटा बांधून खांद्यावर मिरवलं. तेव्हा काटा कुणाला आठवला नव्हता. जत्रेतल्या कुस्त्या डोळ्यांनी लावतात, काट्यानं नाही. पंच दोघांचे हात धरून मैदानात फिरवतात, लोक हो म्हणाले की जोड ठरली. आमच्या आज्याच्या काळापासून हेच चालत आलेलं.

पण तो ऐकेना. रोज पायरीशी येऊन उभा राहायचा. शेवटी चुलता म्हणाला, "ठीक हाय. कायद्यानं करू. दोघायचं वजन करू. दहा किलोच्या आत फरक आला तर कुस्ती लावली."

आमच्या दोघांकडं आंधळ्यानं पाहिलं असतं तरी दहा किलो म्हणाला नसता. तरीही सगळं गाव वजन बघायला आलं, आणि वजन कुठं, तर कापसाच्या काट्यावर. सोसायटीच्या गोदामासमोर तीन लाकडांच्या घोड्याला लोखंडी काटा टांगलेला, एका पारड्यात वजनं आणि दुसऱ्यात कापसाचं गाठोडं. त्या दिवशी गाठोड्याच्या जागी माणसं.

आधी मी बसलो. मापाड्यानं वजनं टाकली, काटा स्थिर झाला. "चौऱ्याऐंशी!" तो ओरडला.

मग तो बसला. पारड्यात मांडी घालून, पाठ ताठ ठेवून. मला माहीत होतं की तो सकाळपासून पाणी पीत होता. नदीवर मी त्याला तांब्यामागून तांब्या पिताना पाहिलं होतं. बिचाऱ्याला वाटत होतं, दोन किलो वाढले तर तेवढाच फरक कमी. एकोणसाठ किलोच्या वजनांवर काटा स्थिर झाला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

"सत्तावन्न!" मापाडी ओरडला.

"एकोणसाठ हाय की," तो पारड्यातूनच म्हणाला.

मापाडी गोंधळला. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो स्वतःच हसायला लागला. वस्तीतलं कुणी वाट्यानं केलेल्या शेतातला कापूस घेऊन आलं की तो ओलाव्याचा म्हणून गाठोड्यामागं दोन किलो कडता कापायचा. वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यानं माणसातूनही दोन किलो कापले. आमच्या गाडीला त्यानं कधीच कडता लावला नव्हता, म्हणून माझ्यातून कापले नाहीत. मुद्दाम नाही केलं बिचाऱ्यानं. हीच तर संतापाची गोष्ट आहे, की त्याला मुद्दाम करावं लागलं नाही.

सगळं गोदाम हसलं. पोट धरून हसलं. ती गोष्ट पुढं कित्येक वर्षं हॉटेलात विनोद म्हणून सांगितली जायची. पारड्यात बसलेला माणूस तेवढा हसला नाही. तो उतरला, अंगाला चिकटलेला कापूस झटकला, आणि माझ्याकडं बघितलं. मी बोलावं, असं ते बघणं होतं. मी काट्याकडं बघत राहिलो.

"कायदा सगळ्यायला सारखा," चुलता म्हणाला. "वजनात बसत न्हाई."

जत्रेच्या दिवशी माझी कुस्ती वालूरकडच्या एका दांडग्या गड्याशी ठरली होती. तो आलाच नाही. गाडी चुकली म्हणाले, ताप आला म्हणाले. दिवस कलायला आला, वस्ताद पुढच्या रांगेत खुर्चीवर बसलेले, भोवती हजारभर माणूस, आणि मैदानात मी एकटा लंगोट लावून उभा. अशा वेळी आमच्याकडं रीत आहे. हलगीवाला हलगी वाजवत मैदानाला तीन फेऱ्या घालतो आणि जोड मागतो. ज्याला वाटेल त्यानं आत यावं आणि हात पुढं करावा. उभ्या पैलवानानं तो हात हातात घेतला की कुस्ती लागली. मग पंचाला, कमिटीला, कुणालाही ती मोडता येत नाही.

आमच्या गावची हलगी त्याचा बाप वाजवायचा.

म्हाताऱ्यानं पहिली फेरी घातली. "हाय का कुनी जोड? हाय का?" आवाज चिरका, पण लांब जाणारा. दुसरी घातली. तिसऱ्या फेरीत उगवतीच्या कडेला माणसं हलली आणि तो आत आला. तो लंगोट लावूनच आला होता. वाकून माती कपाळाला लावली, आणि सरळ माझ्यासमोर येऊन त्यानं हात पुढं केला.

परगावच्या लोकांना आमचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी एकच गिल्ला केला. "लावा! लावा कुस्ती!" वस्ताद खुर्चीत पुढं सरकले. चुलता माइक हातात धरून उभा. रीतच अशी होती की आता त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. मास्तर नाही, मापाडी नाही, हॉटेल नाही, कमिटी नाही. माझा हात आणि त्याचा हात, मधे वीतभर अंतर.

तो हळूच म्हणाला, मला एकट्याला ऐकू येईल असं, वाळूवर बोलायचा तसं. "दे की."

मला दिसत होतं काय होणार ते. तो खाली बसणार, पट काढणार, माझ्या पाठीला माती लागणार. मग वस्ताद उठून त्याच्याजवळ जाणार. त्याचं आयुष्य बदलणार आणि माझी हार गाव दोन महिन्यांत विसरून जाणार. हिशेब एवढा सोपा होता. मी हरायचं, बस.

इतका वेळ मी गावावर तोंडसुख घेतलं. चुलत्याला शिव्या दिल्या, हॉटेलवाल्याला दिल्या, त्या म्हाताऱ्यालाही सोडलं नाही. त्या दिवशी त्यांच्यापैकी एकानंही तोंड उघडलं नव्हतं. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणालो, "वजनात बसत न्हाई."

त्याचा हात काही वेळ तसाच राहिला. मग त्यानं तो खाली घेतला आणि ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं माणसांत गेला. वस्ताद मागं टेकून बसले. जोड मिळाली नाही म्हणून पंचांनी मला पुढं चाल दिली, चुलत्यानं माझ्या मनगटात कडं चढवलं, आणि माइकवर म्हणाला, "वाजवा हलगी!"

त्याचा बाप माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं हलगी छातीशी धरली आणि माझ्या जिंकण्याची वाजवली, दरवर्षी वाजवायचा तशी, मी मैदानाला पुरी फेरी घालेपर्यंत माझ्यापुढं चालत, आणि त्याचा हात एकदाही चुकला नाही.